लोक म्हणतात, तें प्रमाण काय?

एखादी खोटी गोष्ट आपण स्वतः रचली नाहीं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकली आणि जशी ऐकली तशी तिसऱ्यास सांगितली. अशा वेळीं असत्य बोलल्याचा दोष आपल्याला लागतो कीं नाहीं? प्रश्न वरवर सोपा दिसतो. “मी कुठें म्हणतों? लोक म्हणतात,” एवढें बोललें कीं आपण मोकळे झालों, असें आपणां सर्वांस वाटतें. वर्तमानपत्रें चालविणाऱ्यांसहि तसेंच वाटतें. “वाचकांचें मत आम्हीं छापलें, तें आमचें नव्हे,” असें ते सांगतात. मीहि चाळीस वर्षें नारदांच्या गादीवर उभा राहून ऐकलेल्या गोष्टी सांगत आलों. परंतु या प्रश्नाचा कधीं नीट विचार केला नव्हता. ज्या प्रसंगानें तो करावा लागला, तो आधीं सांगतों. मग शास्त्र पाहूं.

२०२४ सालचा जून महिना होता. लोकसभेच्या निवडणुकीचे निकाल ४ तारखेस लागले होते. अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगांव या आमच्या उपनगरांचा जो मतदारसंघ, मुंबई वायव्य, त्याची मतमोजणी गोरेगांवच्या नेस्को केंद्रांत झाली. रवींद्र वायकर यांस ४,५२,६४४ मतें पडलीं आणि अमोल कीर्तिकर यांस ४,५२,५९६. नऊ लाखांवर मतें दोघांत वाटलीं गेलीं आणि अंतर राहिलें ४८ मतांचें, म्हणजे एखाद्या भजनी मंडळांतील माणसांएवढें! इतक्या थोड्या मतांनीं निकाल लागला म्हणजे हरलेल्यांच्या मनांत शंका येणारच. तें मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

१६ जूनला, रविवारीं, मिड-डे या इंग्रजी वर्तमानपत्रांत बातमी आली कीं, मतमोजणीच्या केंद्रांत विजयी उमेदवाराच्या नातेवाइकाजवळ जो मोबाईल सांपडला, त्यावर आलेल्या ओटीपीनें मतदानयंत्र उघडण्यांत आलें होतें. मला इंग्रजी येत नाहीं. बोरिवलीच्या फलाटावर आमचा एक टाळकरी भेटला, त्यानें ती मला सांगितली. त्याला मुलानें सांगितली होती. मुलानें ती फोनवर अर्धीच वाचली होती. म्हणजे माझ्यापर्यंत येतां येतां ती तीन ओठांवरून आली; पण माझ्या मनांत एकदांहि आलें नाहीं कीं, मूळ कागद कोणास वाचावयास सांगावा.

त्या संध्याकाळीं जोगेश्वरीस माझें कीर्तन होतें. भावावांचून देव सांपडत नाहीं, असें निरूपण चाललें होतें. बोलतां बोलतां मीं म्हणालों, “देवाच्या दाराला भावाची किल्ली लागते, आणि आमच्या गोरेगांवच्या मतपेटीला म्हणे फोनची किल्ली लागते!” मंडळी खळखळून हंसली. मृदंगवाल्यानेंहि एक थाप दिली. वक्त्याला हंशा मिळाला कीं तो फुगतो, मीहि फुगलों.

कीर्तन संपल्यावर लोक पायां पडून जाऊं लागले. मागें एक बाई थांबल्या होत्या. महापालिकेच्या शाळेंत शिक्षिका, नेहमीं येणाऱ्या. त्या पायां पडल्या आणि उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, “बुवा, वीस मेला माझी गोरेगांवच्या एका केंद्रावर ड्यूटी होती. पहांटे साडेपांचला सगळ्या पक्षांच्या एजंटांसमोर आम्हीं पन्नास मतें टाकून दाखविलीं, मोजून दाखविलीं, पुसून टाकलीं, मग यंत्राला मोहोर लावली. संध्याकाळीं किती मतें झालीं तो आंकडा कागदावर लिहून एजंटांच्या हातीं दिला. त्या यंत्राला ना बाहेरची तार, ना हवेंतून कांहीं येण्याची सोय. आज सकाळपासून चाळींतल्या दोघी विचारून गेल्या, ‘बाई, तुम्हांला किती मिळाले?’ आणि संध्याकाळीं इथें येऊन बसलें तर तुम्हीं हंसवलंत.”

मीं म्हणालों, “ताई, मीं कोणाचें नांव घेतलें नाहीं. लोक म्हणतात तें सांगितलें.”

त्या म्हणाल्या, “लोक तुमचं ऐकून म्हणतात, बुवा.”

एवढें बोलून त्या गेल्या. माझ्याजवळ उत्तर नव्हतें. रात्रीं गाडींत बसून तेंच वाक्य मनांत घोळत राहिलें.

दुसऱ्या दिवशीं एका जाणत्या गृहस्थाकडून मीं सर्व समजून घेतलें. बातमी आली त्याच दिवशीं निवडणूक निर्णय अधिकारी वंदना सूर्यवंशी यांनीं पत्रकारांस बोलावून खुलासा केला होता. मतदानयंत्र स्वतंत्र असतें. त्याला तारेनें किंवा बिनतारी पद्धतीनें बाहेरचें कांहींहि जोडलेलें नसतें. तें उघडण्यास ओटीपी लागतच नाहीं. ओटीपी लागतो तो मोजून झालेले आंकडे आयोगाच्या संगणकावर चढविणाऱ्या अधिकृत कर्मचाऱ्यास. म्हणजे ती किल्ली वहीच्या कपाटाची होती, धान्याच्या कोठाराची नव्हे! मतमोजणीच्या जागीं मोबाईल वापरला म्हणून वनराई पोलीस ठाण्यांत गुन्हा नोंदला होता, एवढें खरें होतें. फोननें यंत्र उघडलें, हें खोटें होतें. पुढच्या दिवशीं त्या वर्तमानपत्रानेंहि चूक झाल्याचें छापून दिलगिरी व्यक्त केली.

आतां यांतील सर्वांत बोलकी गोष्ट ऐका. ज्या यंत्रांवर एवढा संशय, त्या यंत्रांतून निघालेल्या मतांत पुढें कोण होता? हरलेला उमेदवार, एका मतानें! निकाल फिरला तो टपालानें आलेल्या मतांनीं. आणि तीं कागदावरचीं असतात, हातानें मोजलीं जातात. हे आंकडे १६ तारखेच्या आधींच प्रसिद्ध होते. ज्यानें ते पाहिले असते त्याच्या मनांत निदान एवढें तरी आलें असतें कीं, यंत्र उघडून ज्याला जिंकवावयाचें त्यालाच कोणी एका मतानें मागें कशाला ठेवील? पण पाहतो कोण? मीं पाहिले नाहींत. टाळकऱ्यानें पाहिले नाहींत. हंसणाऱ्यांनीं पाहिले नाहींत.

कोणी म्हणेल, बुवा आतां यंत्रांची वकिली करूं लागले. तसें नाहीं. आमच्या दिंडींत सर्व पक्षांचे लोक चालतात, आणि शंका घेणें हा नागरिकाचा हक्क आहे. २६ एप्रिल २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानें याच यंत्रांविषयीं निकाल दिला. पुन्हां कागदी मतपत्रिका आणण्याची मागणी त्यांत मान्य झाली नाहीं. पण दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारास निकालानंतर सात दिवसांत अर्ज करून कांहीं यंत्रें तपासून घेण्याची वाट ठेवली गेली. शंकेला अशी वाट असावी. परंतु शंका विचारणें वेगळें आणि शंका हीच बातमी म्हणून विकणें वेगळें.

आतां शास्त्राकडे वळूं. लहानपणीं पाठशाळेंत तर्कसंग्रह शिकतांना गुरुजींनीं प्रमाणें शिकविलीं. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द, हीं न्यायशास्त्राचीं चार प्रमाणें. यांतील शब्द म्हणजे कोणाचेंहि बोलणें नव्हे, आप्ताचें बोलणें. आणि आप्त कोण? ज्याला ती वस्तु नीट कळली आहे आणि जशी कळली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. भाष्यकार वात्स्यायन तर म्हणतात कीं, हें लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छालाहि सारखेंच लागू आहे. जात पाहूं नका, मोठेपणा पाहूं नका. त्याला ठाऊक आहे काय आणि तो सरळ सांगतो काय, एवढेंच पाहा.

गंमत अशी कीं, आपल्या मराठींत आप्त शब्दाचा अर्थच बदलला. आपण आप्त म्हणतों नातेवाइकाला, आपल्या माणसाला. शब्दाबरोबर आपली बुद्धीहि बदलली कीं काय, असें मला वाटूं लागलें आहे. शास्त्र म्हणतें, जाणत्याचें ऐक. आपण ऐकतों आपल्या बाजूच्याचें. आपल्या पक्षाचा, आपल्या गल्लींतला, आपल्याला आवडेल तें सांगणारा, तो आपला आप्त. त्याला यंत्रांतलें कांहीं कळतें काय, हें कोणी विचारीत नाहीं. अमेरिकेंतील उद्योगपति एलॉन मस्क यांनीं त्या बातमीच्या आदल्याच दिवशीं, मतदानाचीं इलेक्ट्रॉनिक यंत्रें काढून टाकावीं, असें लिहिलें होतें. तो विषय निघाला होता प्वेर्तो रिको नांवाच्या बेटावरील यंत्रांवरून. आमच्याकडे लगेच त्यांचेंहि नांव गोरेगांवच्या गोष्टीला जोडलें गेलें. अग्निबाण उडविणारा मनुष्य थोर खराच. पण गोरेगांवच्या केंद्रांत काय झालें, याविषयीं आमची शाळेंतली बाई त्यांच्याहून अधिक आप्त आहे. कारण तिनें यंत्र हाताळलें आहे.

शास्त्रांत आणखी एक शब्द आहे, ऐतिह्य. मूळ सांगणारा कोण तें ठाऊक नाहीं, पण परंपरेनें बोललें जातें, तें ऐतिह्य. त्याचें ठरलेलें उदाहरण असें कीं, या वडावर यक्ष राहतो. कोणीं पाहिला? ठाऊक नाहीं. सगळे म्हणतात. नैयायिकांनीं ऐतिह्याला वेगळें प्रमाण मानलें नाहीं. त्याच्या मागें कोणी आप्त असेल तर तें शब्दांत येतें; नसेल तर तें प्रमाणच नव्हे. शंभर माणसांनीं म्हटलें म्हणून वडावर यक्ष येत नाहीं. आंधळ्यानें आंधळ्याचा हात धरावा आणि त्याचा तिसऱ्यानें, तशी ती रांग. रांग लांब झाली म्हणून कोणाला डोळे येत नाहींत.

आतां कोणी विचारील, लोकांना काय वाटतें हें सांगूंच नये काय? सांगावें. रामराज्यांतहि सांगितलें गेलें. वाल्मीकींच्या उत्तरकांडांत भद्र नांवाचा पुरुष रामाला नगरांतले लोक सीतेविषयीं काय बोलतात तें सांगतो. आपल्या लोककथेंत तेथें परीट आला. भद्रानें रामाच्या आज्ञेवरून सांगितलें आणि लोक बोलत होते तेंच सांगितलें. म्हणून भद्र खोटा नव्हे. परंतु लोक जें बोलत होते तें खरें होतें काय? नव्हतें. येथेंच सारी मेख आहे. लोक असें म्हणतात, हें खरें असूं शकतें. म्हणून लोक म्हणतात तें खरें, असें होत नाहीं. पहिल्या गोष्टीवरून दुसरीवर उडी मारली कीं सीता वनांत जाते. त्या उडीची शिक्षा बोलणाऱ्या लोकांनीं भोगली नाहीं; जी निर्दोष होती तिनें भोगली. आमच्या जोगेश्वरींतहि शिक्षा मला झाली नाहीं, टाळकऱ्याला झाली नाहीं. पहांटे उठून काम करणाऱ्या बाईला झाली.

नव्या यंत्रांच्या बाबतींत तर हा घोटाळा वारंवार होतो, कारण यंत्राच्या पोटांत काय आहे तें आपल्याला दिसत नाहीं. ८ नोव्हेंबर २०१६ ला जुन्या नोटा रद्द झाल्या आणि दोन हजारांची नवी नोट आली, तेव्हां घाटकोपरपासून गांवाकडच्या बाजारापर्यंत एकच बोलणें होतें: नोटेंत चकती बसविली आहे, जमिनींत खोल पुरली तरी आकाशांतल्या उपग्रहाला दिसते. लोक बोलत होते तोंवर ठीक. वृत्तवाहिन्यांनीं तें उचललें आणि चित्रें काढून काढून दाखविलें. रिझर्व्ह बँकेनें असें कांहीं नाहीं म्हणून सांगितलें. अहो, असा संदेश पाठवावयाचा तर त्याला वीज लागते. कागदांत वीज कोठून येणार? आणि जमिनीखालून तो वर पोंचणार कसा? फोन दुरुस्त करणाऱ्या कोणत्याहि दुकानदाराला विचारलें असतें तरी त्यानें हंसून सांगितलें असतें. ती नोटहि २०२३ सालीं चलनांतून मागें घेण्यांत आली. चकतीची गोष्ट मात्र अजून कोठें कोठें ऐकूं येते.

आम्ही भाविकहि यांत मागें नाहीं. १८ ऑगस्ट २००६ च्या रात्रीं माहीमच्या समुद्राचें पाणी गोड झालें म्हणून किनाऱ्यावर गर्दी लोटली. लोक बाटल्या भरून नेऊं लागले, लेंकरांना पाजूं लागले. पाणी पिऊं नका म्हणून महापालिका सांगत होती. पावसाळ्यांत मिठी नदीचें पुष्कळ पाणी तेथें समुद्राला मिळतें, म्हणून खारटपणा कमी झाला होता, असें जाणत्यांनीं सांगितलें. आणि त्या नदींत शहराची घाण येते हें मुंबईकराला सांगावयास नको. त्या रात्रीं किनाऱ्यावरच्या माणसांचें मत घेतलें असतें तर बहुतेकांनीं चमत्काराच्या बाजूनें दिलें असतें. पण पाण्यांत मीठ किती आणि घाण किती, हें काय मतांनीं ठरतें? निवडणूक मतांनीं होते. यंत्र कसें चालतें हें मतांनीं ठरत नाहीं. वर्तमानपत्रानें वाचकांस विचारावें, ‘तुम्हांला काय हवें?’ ‘यंत्र फोननें उघडतें काय?’ हा प्रश्न वाचकांस विचारावयाचा नव्हे, यंत्र जाणणाऱ्यास विचारावयाचा.

पक्षपात एकाच बाजूस असतो असेंहि समजूं नका. त्या रविवारीं हरलेल्यांच्या बाजूचे लोक बातमी ऐकतांच म्हणाले, “आम्ही म्हणतच होतों!” जिंकलेल्यांच्या बाजूचे ऐकतांच म्हणाले, “सगळें खोटें!” दोघांपैकीं तपास कोणींच केला नव्हता. दुसऱ्यांचें म्हणणें खरें ठरलें, पण तें घुणाक्षरन्यायानें. किडा लांकूड कोरतां कोरतां चुकून एखादें अक्षर उमटतें. म्हणून किड्याला लिहितां येतें असें कोणी म्हणत नाहीं. सत्य सांपडणें वेगळें आणि सत्याची चाड असणें वेगळें. पुढची बातमी त्यांच्याविरुद्ध आली कीं हेच लोक खऱ्यालाहि खोटें म्हणतील.

कांहीं संपादक आणखी एक पळवाट काढतात. मथळा देतात आणि शेवटीं प्रश्नचिन्ह टाकतात. विचारलें तर म्हणतात, आम्ही कोठें ठासून सांगितलें? आम्हीं फक्त प्रश्न केला. हें प्रश्नचिन्ह म्हणजे धर्मराजानें हळूच उच्चारलेला ‘हत्ती’ आहे! अश्वत्थामा मेला, हें द्रोणाचार्यांना ऐकूं आलें. हत्ती, हें ऐकूं आलें नाहीं, आणि तें ऐकूं येऊं नये म्हणूनच हळू म्हटलें होतें. शब्द सर्व खरे होते. तरीहि जमिनीपासून चार बोटें वर चालणारा धर्मराजाचा रथ खालीं आला. यावरून आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. दोष शब्दांवर ठरत नाहीं. ऐकणाऱ्याच्या मनांत आपण काय उतरविलें यावर ठरतो. “लोक म्हणतात” हेहि माझे हळूच म्हटलेले शब्दच होते. श्रोत्यांनीं ते टाकून दिले आणि किल्ली तेवढी घरीं नेली.

मग करावें काय? आपल्या गोरोबाकाकांकडे पाहावें. संतमंडळी बसली असतां मुक्ताबाईंनीं त्यांना मडकीं पारखावयास सांगितलें, आणि काकांनीं थापटणें घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलें, ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. कुंभार मडकें दिसतें कसें यावर जात नाहीं; वाजवून पाहतो. बातमीहि तशीच वाजवून घ्यावी. पहिली थाप: हें कोणीं पाहिलें? दुसरी थाप: पाहणाऱ्याला त्या वस्तूंतलें कळतें काय? तिसरी थाप सर्वांत कठीण, कारण ती आपल्याच डोक्यावर मारावयाची असते: हें खरें असावें असें मला आधींपासूनच वाटत होतें काय? वाटत असेल तर आणखी दोनदां वाजवावें. जें आपल्याला गोड लागतें तेंच फार तपासून घ्यावें. घाईचें कारण सांगूं नये; भाजलें नाहीं तें मडकें बाजारांत आधीं पोंचलें म्हणून त्यांत पाणी राहत नाहीं.

आणि एवढें करूनहि चुकलों तर? त्याच कथेंत नामदेवराय कच्चे ठरले. त्यांना वाईट वाटलें. पण ते रुसून बसले नाहींत, विसोबा खेचरांकडे गेले. म्हणून नामदेवराय आपल्याला आज वंद्य आहेत. त्या वर्तमानपत्रानें चूक कबूल केली, हें त्याचें चांगलेंच केलें असें मी म्हणेन. पुष्कळजण तेवढेंहि करीत नाहींत. परंतु चूक जेवढ्या मोठ्यानें सांगितली तेवढ्याच मोठ्यानें दुरुस्तीहि सांगावी लागते, आणि येथें आपण सगळेच कमी पडतों. बातमी मला फलाटावर भेटली. दिलगिरी सांगावयास फलाटावर कोणी आलें नाहीं. मला ती जाऊन शोधावी लागली.

पुढच्या रविवारीं त्याच ठिकाणीं, अभंग घेण्यापूर्वीं, मीं मंडळींना सांगितलें, “मागच्या वेळीं किल्लीची गोष्ट सांगून मीं तुम्हांला हंसविलें. ती गोष्ट खोटी होती. मीं तपास केला नव्हता. या भागांतल्या ज्या शिक्षकांनीं, कर्मचाऱ्यांनीं तें काम केलें, त्यांची मी क्षमा मागतों.” या वेळीं कोणी हंसलें नाहीं. कांहींजण तर मीं एखाद्या पक्षाला विकला गेलों अशा दृष्टीनें पाहूं लागले. बाई आल्या होत्या. कीर्तन संपल्यावर नमस्कार करून न बोलतां गेल्या. मागच्या रविवारीं आलेले सगळेच या रविवारीं आले नव्हते. जे आले नव्हते त्यांच्या घरीं ती किल्ली अजून असेल, आणि ती परत आणण्याचा उपाय माझ्याजवळ नाहीं. जीभ सैल सोडण्याचें मोल हें असें असतें.

वारीच्या वाटेवर आपल्या कानीं शंभर गोष्टी येतात. पुढच्या मुक्कामीं पाणी नाहीं, अमक्या दिंडीवर असें झालें, तमक्यानें असें केलें. गळ्यांत माळ घातलेला माणूस सांगतो म्हणून लोक विश्वास ठेवतात. म्हणून आपल्यावर जबाबदारी अधिक. ऐकावें सर्व. सांगतांना मात्र थापटणें हातीं घ्यावें. आणि “लोक म्हणतात” असे शब्द ओठांवर आले, तर क्षणभर थांबून स्वतःस विचारावें कीं, त्या लोकांत पहिला मीच तर नाहीं ना?

रामकृष्णहरि.